ज्ञानदेव गेल्यावर नामदेवांनी काय केलं



आज कार्तिक वद्य त्रयोदशी. शके १२१८, म्हणजे इसवी सन १२९६ मध्ये, याच तिथीला माउलींनी आळंदीत संजीवन समाधी घेतली. दरवर्षी आज आपण ज्ञानेश्वरी उघडतो, पसायदान म्हणतो. आजचं वाचन मात्र माउलींचं नाही, त्यांच्या मित्राचं आहे. नामदेवांच्या गाथेत ज्ञानदेवांचं चरित्र तीन प्रकरणांत आलंय: आदि, तीर्थावळी आणि समाधी. आपण तीर्थावळी आणि समाधी बघू. एक प्रवास, आणि त्या प्रवासातला सोबती गेल्यानंतरचं सगळं.

आधी वयं लक्षात घ्या, कारण फोटोतल्या दाढ्या आणि फेटे बघून आपण ते विसरतो. नामदेवांचा जन्म १२७० चा आणि ज्ञानदेवांचा १२७५ चा धरतात. म्हणजे समाधीच्या दिवशी एक २६ वर्षांचा, दुसरा २१ चा. आपल्या ऑफिसात नव्याने जॉइन होणाऱ्या पोरांएवढे. आणि आमच्या जालनेकरांसाठी एक गोष्ट: नामदेवांचं नरसी आपल्या पूर्वेला हिंगोली जिल्ह्यात, ज्ञानदेवांचं आपेगाव पश्चिमेला पैठणजवळ गोदावरीकाठी. जालना जिल्हा बरोबर या दोन गावांच्या मधे पसरलेला आहे. लहानपणी हे मला कोणी सांगितलं नव्हतं, नकाशा बघताना सापडलं.

तीर्थावळीची सुरुवात फार गोड आहे. ज्ञानदेव पंढरपूरला येतात आणि नामदेवांना म्हणतात, तीर्थं करायला चल, तुझी संगत हवी म्हणून आलोय. ज्यांनी ज्ञानेश्वरी सांगितली त्यांना तीर्थातून नवीन काय मिळणार होतं? त्यांना सोबत हवी होती. नामदेव तयार नाहीत. पंढरी सोडायची कल्पनाच त्यांना सहन होत नाही. ते म्हणतात, माझ्या विठोबाला विचार. मग पांडुरंग परवानगी देतो आणि आपला लाडका नामा ज्ञानदेवांच्या हाती सोपवतो.

प्रवासवर्णन म्हणून तीर्थावळी वाचायला घेतली तर निराशा होईल. गावं, मुक्काम, अंतरं यांना त्यात फार जागा नाही. जागा आहे ती बोलण्याला. ज्ञानदेव विचारतात आणि नामदेव सांगतात: भजन कसं करायचं, नमन म्हणजे काय, ध्यान, श्रवण, मनन, निदिध्यास, भक्ती, विश्रांती. उलट व्हायला हवं होतं ना? पण विद्वान माणूस विचारतोय, आणि ज्याला गोरोबाकाकांच्या घरी 'कच्चं मडकं' ठरवल्याची कथा आपण ऐकतो तो उत्तर देतोय. आणि इकडे पंढरपुरात पांडुरंगाला करमत नाहीये. रुक्मिणीमाता कारण विचारते. मागे राहिलेल्यांचंही वर्णन या प्रवासात आहे, हे जरा लक्षात ठेवा. पुढे त्याच्याकडे परत यायचंय.

मग ती विहिरीची गोष्ट. मारवाडातून जाताना दोघांना तहान लागते. विहीर सापडते, पण फार खोल, दोर नाही. ज्ञानदेव लघिमा सिद्धीने सूक्ष्म होऊन आत उतरतात आणि पाणी पिऊन वर येतात. तुझ्यासाठीही आणतो, म्हणतात. नामदेव नको म्हणतात आणि विठोबाला हाका मारायला लागतात. विहीर काठोकाठ भरून वाहायला लागते. कीर्तनात ही कथा बहुतेक वेळा 'ज्ञानापेक्षा भक्ती मोठी' या अंगाने रंगवतात. मला तसं वाटत नाही. पाणी दोघांनाही मिळालं. आणि सांगणारा नामदेव असूनही त्याने मित्राचं आत उतरणं लपवलेलं नाही, त्याला छोटं केलेलं नाही.

इथे माझ्या मित्राबद्दल सांगायला हवं, कारण ही विहीर त्याच्याशिवाय मला आता वाचता येत नाही.

तो जालन्याचा. शाळेपासून एकत्र. मी इंजिनिअरिंग करून पुण्याला नोकरीला लागलो, त्याने गावातच दुचाकीच्या सुट्या भागांचं दुकान टाकलं. देवाधर्मात तो माझ्याएवढा नव्हता. एकादशीला साबुदाण्याची खिचडी आवडते म्हणून उपास करायचा, असं स्वतःच सांगायचा. पण गाडी हा त्याचा जीव होता, आणि मी एकदा बोललो की नामदेव पंजाबात घुमानला राहिले होते, ते गाव बघायचंय, तर तो म्हणाला, "ट्रेननं काय जातो येड्या, गाडी काढू."

गेलो. एकच गाडी, दोघं, आळीपाळीने चालवत. जालन्याहून छत्रपती संभाजीनगरला गेलं की राष्ट्रीय महामार्ग ५२ लागतो आणि तो कन्नडचा घाट, धुळे, इंदूर, कोटा, जयपूर, चुरू, हिसार करत पंजाबात संगरूरला संपतो. तिथून पुढे गुरदासपूर जिल्ह्यातलं घुमान. एका बाजूने १७०० किलोमीटरच्या आसपास. हेल्मेट घालून गाडीवर बोलता येत नाही, त्यामुळे आमची सगळी चर्चा टपरीवर. चुरूच्या अलीकडे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वाळू, ऊन मरणाचं, आणि बाटल्यांतलं पाणी चहासारखं गरम. एका खेजडीच्या झाडाखाली थांबलो तेव्हा मी त्याला विहिरीची कथा सांगितली. त्याने नीट ऐकून घेतली. मग म्हणाला, "मी ज्ञानदेवाच्या पार्टीत. उतरायचं, प्यायचं, वर यायचं. तू बस हाका मारत." आणि उठून पुढच्या ढाब्यावरून दोन थंड बाटल्या घेऊन आला. एक माझ्यासाठी.

दीड वर्षापूर्वी तो गेला. आठ दिवस ताप. चौतीस वर्षांचा होता.

दहाव्याला बसलो होतो तेव्हा त्याच्या आईला, काकूंना, येणारा जवळपास प्रत्येक माणूस एकच सांगत होता. रडू नका, आत्मा अमर आहे, गीतेत भगवंतांनी सांगितलंय. एका काकांनी तर दुसऱ्या अध्यायातला श्लोकच म्हणून दाखवला, जुनं वस्त्र टाकून नवं घालण्याचा. काकू मान हलवत होत्या आणि पदर तोंडाला लावून रडत होत्या. मग कोणीतरी हळूच म्हणालं, "एवढं माळकरी घर, आणि असं?"

हे वाक्य मला अजून टोचतं. त्यामागे एक समज आहे, आणि तो आपल्या पिढीतही भरपूर आहे: भक्ती पक्की असेल तर दुःख कमी होतं, आणि दुःख कमी झालं नाही तर भक्तीत काहीतरी कच्चं आहे. समाधी प्रकरण वाचताना या समजाचं काय होतं ते बघा.

समाधी घेणारा कोण आहे? गीतेच्या त्याच दुसऱ्या अध्यायावर मराठीत पहिल्यांदा इतकं सविस्तर बोललेला माणूस. देह आणि आत्मा वेगळे आहेत हे महाराष्ट्राला ज्याने समजावलं तो. भोवती जमलेले कोण? निवृत्तिनाथ, म्हणजे ज्ञानदेवांचे मोठे भाऊ आणि त्यांचे गुरूही. सोपानदेव, मुक्ताबाई, नामदेव. यांच्यापैकी कोणाला गीता शिकवायची गरज नव्हती. शिवाय हे अचानक आलेलं मरणही नाही. ज्ञानदेवांनी आधी सांगितलंय, तयारी झाली आहे, साक्षात पांडुरंग समोर उभा आहे.

आणि तरी सगळे रडतात. नामदेवांनी हे सांगताना काही राखून ठेवलेलं नाही. त्यातही निवृत्तिनाथांचं वर्णन वाचवत नाही. ते शांत, गंभीर, नाथपंथी, गहिनीनाथांकडून दीक्षा घेतलेले. बांध फुटून तळ्याचं पाणी सैरावैरा धावावं तशी त्यांच्या मनाची अवस्था नामदेव सांगतात. निवृत्तिनाथ म्हणतात की आईवडील सोडून गेले तेव्हाही असं संकट वाटलं नव्हतं. या मुलांच्या आईवडिलांनी देहान्त प्रायश्चित्त घेतल्याची कथा तुम्हाला माहीत आहे. त्यापेक्षा हे मोठं, असं गुरू म्हणतोय, शिष्याबद्दल.

संपूर्ण प्रकरणात त्यांना कोणी "तुम्ही एवढे ज्ञानी, आणि असं?" म्हणत नाही. पांडुरंगही म्हणत नाही. तो स्वतःच गहिवरलेला आहे. मला या प्रकरणातली ही सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. वारकरी परंपरेने आपल्या सर्वात ज्ञानी माणसाचा निरोप नोंदवताना त्याच्या गुरूचे अश्रू पुसून, एडिट करून नोंदवले नाहीत.

(एक बाजूची गोष्ट. गाथेतले काही अभंग नंतरच्या काळातल्या विष्णुदास नामा यांच्यासारख्या कवींचे असावेत असं अभ्यासक मानतात, आणि कुठला अभंग कोणाचा यावर वाद आहेत. त्यात मी पडत नाही. पण नंतरच्या कोणी भर घातली असेल, तरी त्यांनाही हे रडणं काढून टाकावंसं वाटलं नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं.)

रडण्याबरोबर नामदेव अजून एक काम करत राहतात. बारकावे सांगतात. जागा कोणी झाडून स्वच्छ केली? नामदेवांच्या मुलांनी, नारा, विठा, गोंदा आणि महादा यांनी. नामदेवांचं वय २६ धरलं तर ही मुलं अगदीच लहान असणार. आसनावर काय अंथरलं? तुळस, बेल, दूर्वा, फुलं. हाताला धरून आत कोणी नेलं? समोर कुठला ग्रंथ ठेवला? शिळा कोणी लावली? निवृत्तिनाथांनी. आध्यात्मिक अर्थ काढायचा तर यातली निम्मी माहिती लागत नाही. पण जो माणूस आपला होता त्याच्या बाबतीत 'काय झालं' एवढं पुरत नाही, 'कसं कसं झालं' ते हवं असतं.

हे मला काकूंनी शिकवलं.

मी दिवाळीत गावी गेलो तेव्हा भेटायला गेलो. बसल्यावर काय बोलावं कळेना. फोनमध्ये आमच्या प्रवासाचे चारशे फोटो आहेत, ते दाखवावेत म्हणून फोन काढला. फोटोंचं ॲप दर वर्षी त्या आठवड्यात 'या दिवशी' म्हणून ते आपोआप वर आणतं, मी बघतो आणि बंद करतो. काकूंनी चार-पाच बघितले आणि फोन बाजूला ठेवला. म्हणाल्या, "फोटो त्यानं दाखवलेत रे. तू सांग. पहिल्या दिवसापासून सांग."

"काय सांगू काकू?"

"सकाळी निघालात तेव्हा काय खाल्लं होतं?"

तिथून सुरुवात. कन्नडच्या घाटात थंडी वाजली का? जॅकेट घातलं होतं का त्याने, की पिशवीतच ठेवलं? कोट्याला कुठे झोपलात, गादी होती का? तुमचं भांडण झालं का? (झालं. जयपूरच्या अलीकडे, रात्री गाडी चालवायची की नाही यावरून. तो नको म्हणत होता, आणि आम्ही थांबलो.) पाठ दुखली का त्याची? घुमानला काय केलं?

घुमानचं मी बराच वेळ सांगितलं. नामदेवांचं स्थान, तिथला गुरुद्वारा. गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत, आणि तिथली माणसं 'बाबा नामदेवजी' म्हणतात ते अगदी घरातल्या वडीलधाऱ्याबद्दल बोलावं तसं. आम्ही महाराष्ट्रातून आलो म्हटल्यावर लंगरमध्ये वाढणाऱ्या एका म्हाताऱ्या सरदारजींनी तिसरी पोळी न विचारता टाकली. तिथली श्रद्धा अशी की नामदेवांनी देह तिथेच ठेवला. आपल्याकडे पंढरपुरात महाद्वाराची पायरी. यावर माझा मित्र म्हणाला होता, "दोन्हीकडं असू दे ना. तुला कुठं रेशन कार्ड काढायचंय त्यांचं." काकू हे ऐकून हसल्या. दहाव्यानंतर मी त्यांना हसताना पहिल्यांदा बघितलं.

तीन संध्याकाळी चाललं हे. तिसऱ्या दिवशी मी म्हणालो, की रोज मुक्कामाला पोचलं की मी आडवा व्हायचो आणि हा मात्र फडकं घेऊन खाली जायचा, चेनला तेल लावून येतो म्हणून. अर्धा-अर्धा तास. गाडीची फार काळजी.

काकू गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "तेव्हा मला फोन करायचा तो."

रोज. कुठे पोचलो, काय जेवलो, उद्या किती जायचंय. कोट्याहून त्याने त्यांना विचारलं होतं की पाठीला कुठलं तेल लावू. चुरूच्या रात्री त्याने त्यांना विहिरीची गोष्ट सांगितली होती, मी सांगितलेली, आणि वर म्हणाला होता, आई, तूच ठरव कोण बरोबर. त्या काय म्हणाल्या ते मी विचारलं. "मी म्हणलं, बाबा, पाणी पी आणि झोप."

म्हणजे त्या प्रवासाचा रात्रीचा भाग त्यांच्याकडे होता आणि दिवसाचा माझ्याकडे. दोघांनाही दुसरी बाजू माहीत नव्हती. पंढरीत करमेनासा झालेला पांडुरंग मी आधी वाचला होता, पण तो कथेत का आहे हे त्या ओसरीवर जास्त कळलं. प्रवासाला दोघं जातात, पण घरी वाट बघणाराही रोज तेवढंच अंतर कापत असतो.

तीर्थावळीच्या शेवटी मावंदं आहे. तीर्थयात्रेहून सुखरूप आल्यावर घरी जे जेवण घालतात ते. पांडुरंग नामदेवांचं मावंदं करतो. आम्ही घुमानहून आलो तेव्हा काकूंनीही केलं होतं, पुरणाचा स्वयंपाक, गल्लीतली वीसेक माणसं. तो त्या दिवशी कुरकुरत होता की आम्ही काय काशीला गेलो होतो का. आणि चार पोळ्या खाल्ल्या.

आता परत आळंदीला. आज दुपारी तिथे समाधी सोहळा होईल. पंढरपूरहून पांडुरंगाची पालखी आलेली असते, नामदेवांची येते. सोहळ्याच्या वेळी कीर्तन असतं, आणि ते कीर्तन करण्याचा मान नामदेवांच्या वंशजांचा, नामदास महाराजांचा. समाधीचे अभंग ते सांगतात, घंटानाद होतो, फुलं उधळली जातात, आणि मंडपातल्या माणसांच्या डोळ्यांत पाणी असतं. सातशेहून जास्त वर्षं झाली. ज्याचा मित्र गेला त्याच्या घरातली माणसं दर वर्षी येऊन तो कसा गेला ते सांगतात, आणि लोक दर वर्षी नव्याने ऐकतात. गेल्या वर्षीही हेच सांगितलं होतं, असं कोणी म्हणत नाही.

ज्ञानदेवांनंतर वर्ष व्हायच्या आत सोपानदेव सासवडला गेले, मग मुक्ताबाई, मग त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथ. २७ वर्षांचे होईपर्यंत नामदेवांच्या भोवतीचं ते अख्खं घर रिकामं झालं. परंपरेप्रमाणे त्यांचा देह १३५० मध्ये पडला, आषाढ वद्य त्रयोदशीला. म्हणजे मित्रानंतर ते ५४ वर्षं जगले. आणि या काळात ते पुन्हा उत्तरेला गेले. ज्या दिशेला पहिल्यांदा ज्ञानदेव त्यांना आग्रह करून घेऊन गेले होते, पंढरी सोडवत नव्हती म्हणून ज्याच्या आधाराने ते निघाले होते, त्याच दिशेला, त्याच्याशिवाय, त्याहून लांब. वीसेक वर्षं पंजाबात राहिले असं सांगतात. तिथल्या भाषेत पदं केली. विठ्ठलाचं नाव त्या पदांतही आहे.

काकूंनी आता एक वही केलीय. त्यांच्या फोनमधली आठवण त्या लिहितात, मी पुण्याहून दर रविवारी फोनवर एकेक दिवस सांगतो. परतीचा प्रवास अजून राहिलाय. सध्या आम्ही हिसारला आहोत, तिथे गाडीची चेन खरंच सैल झाली होती आणि त्याने रस्त्याकडेला पान्हा काढून ती ताणून घेतली. किती वेळ लागला, असं त्यांनी मागच्या रविवारी विचारलं. वीस मिनिटं, मी म्हणालो. त्यांनी लिहून घेतलं.

ज्यांना आजचं वाचन करायचंय त्यांनी आधी समाधी वाचू नका. तीर्थावळी आधी वाचा, निदान पंढरपुरातून निघण्याचा भाग आणि विहिरीचा. मग समाधी. अभंग मोठ्याने वाचा, शक्य असेल तर घरात कोणीतरी ऐकायला असताना. दोन्ही मिळून एका बैठकीत होणार नाहीत, दोन दिवस लागतील.

उद्या गोरोबाकाकांकडे तेरला जायचंय, मडकी थापटायला. राम कृष्ण हरी.